मिश्र ठिपका

बाबा, उपग्रह दर पाच दिवसांनी येतो
सकाळी साडेदहाच्या सुमाराला,
तुम्ही खुरपं बाजूला टाकून
कोलाची बी चघळायला घेता, तेव्हा.
आवाज नाही, सावली नाही.
तुमची कोंबडीसुद्धा मान वर करत नाही.

इथे नियामेत एसी गळतो, खाली बादली ठेवलीय.
सेनी म्हणतो, नोव्हेंबरची चित्रं घे,
धुळीचे वारे सुटायच्या आतली.
हिरवं असतं ते आम्ही लाल बघतो, अशी इथली रीत.
बाजरी निघालेली, माती फिकी,
आणि तिच्यावर गाओची झाडं
मिरच्या सांडाव्यात तशी.
भर पावसात पानं टाकणारं, दुष्काळात पालवणारं
उलट्या डोक्याचं झाड.
मोजली मी. आपल्या शेतात एकवीस.
शहाऐंशी सालच्या चित्रात चार होती.
शेळ्यांशी भांडून राखलेला एकेक धुमारा
इतक्या वरून दिसतो, बाबा.
अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.
सेनीला बोलावून दाखवलंसुद्धा.

मग खालच्या अंगाला गेले.

काम असं आहे: अख्ख्या देशाचा नकाशा,
प्रत्येक ठिपक्याला एक आकडा.
एक म्हणजे बाजरी. तीन पडीक. पाच वस्ती.
सात म्हणजे बुर्ताली, गुरांची पाणंद,
उत्तरेच्या कुरणांकडे जाणारी.
मी जन्मायच्या आधीच्या चित्रात
ती नव्वद मीटर रुंद आहे,
खुरांनी घासून पांढरी झालेली, नदीसारखी सैल.
दोन हजार एकमध्ये साठ.
चारमध्ये आपल्या शेतापाशी तिला चिमटा बसलाय.
वर रुंद, खाली रुंद,
आणि मधे कमरपट्टा आवळल्यासारखी.

बांध सरकवताना कधी पाहिलं नाही मी तुम्हाला.
कुणीच पाहत नाही. दर पेरणीला एक तास पुढे,
दोन पावलं, तीही वाकलेल्या माणसाची.

त्याच वर्षी जुल्देची गुरं आपल्या बाजरीत शिरली.
आठवतं मला. तुम्ही काठी घेऊन धावलात,
आई ओरडली, तो टोपी हातात घेऊन उभा राहिला
आणि म्हणाला, गाईंना जुनी वाट पाठ आहे.
सगळे हसले. मीही हसले, बारा वर्षांची.
प्रमुखाने दंड केला: एक कालवड.
तांबडी होती, कपाळावर पांढरा डाग.
आठवडी बाजारात ती विकून
तुम्ही माझी झिंदेरच्या शाळेची फी भरलीत.

आता मोठं करून बघते.
जिथे गाई शिरल्या होत्या तो ठिपका
निम्मा बाजरी, निम्मा वाट.
आम्ही त्याला मिश्र म्हणतो.
नियम सोपा, पारडं जड त्याचा आकडा.
पाचात आपलं पारडं जड झालं.
चारात नव्हतं.

संध्याकाळी फोन केला.
तुम्ही विचारलंत, आपलं छप्पर दिसतं का?
म्हटलं, दिसतं, पत्रा चमकतो.
आणि मी? अंगणात उभा राहिलो तर?
नाही बाबा, माणूस मावत नाही त्यात.
तुम्ही हसलात. मग म्हणालात,
जुल्देचा मुलगा येऊन गेला, दूध देऊन गेला,
या वर्षी गुरं आपल्या शेतात बसवणार म्हणतो, खतासाठी.
यायचं कुठून, ते विचारत होता.

मी काही बोलले नाही.
बादली भरली होती, ती ओतून आले.
चारच्या चित्रावर, त्या एका ठिपक्यावर
सात लिहिलं.
मग त्याच्या खालच्यावर.
मग त्याच्या खालच्यावर.